पद्माअक्का ‘पोदुम’ म्हणाली तेव्हा

फोन आला तेव्हा मी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग तपासत उभी होते. पद्माअक्काचा धाकटा भाऊ रामू पलीकडून म्हणाला, “स्नेहल, अक्का गेली. घरींच गेली. तिला हवं तसं.” मी रडले, नाही असं नाही. पण त्याआधी मनात काय आलं ते खरं सांगते... जिंकलीस गं अक्का! सहा आठवडे झाले, अजून तेच वाटतं. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलणं विचित्र वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. त्यासाठी एक असा विषय काढावा लागेल, ज्याचं नाव घेतलं की लोक चहाचा कप खाली ठेवतात.

अक्का तंजावरच्या मराठी घरातली. सगळा जन्म चेन्नईत गेला आणि अंबत्तूरच्या एका कारखान्यातून ती सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाली. जाड भिंगांचा चष्मा, केसांत रोजचा गजरा, आवाज खणखणीत. आणि बीडीएसएममध्ये रमणाऱ्या प्रौढ माणसांच्या एका छोट्या गटाची ती सर्वेसर्वा होती. बांधणं किंवा बांधून घेणं, हुकूम देणं किंवा पाळणं यात ज्यांना सुख वाटतं आणि जे ते एकमेकांच्या संमतीनंच करतात, अशी ही माणसं. मी सांगलीहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा तिशी गाठली होती आणि इंटरनेटवर वाचून वाचून मी स्वतःला पंडित समजत होते. गटातल्या नव्या माणसानं आधी शनिवारी दुपारी एका साध्या हॉटेलात यायचं, हा रिवाज. रोजचे कपडे, फिल्टर कॉफी, नुसत्या गप्पा. मला काय काय आवडेल ते मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. अक्कानं शांतपणे बोंड्याचा तुकडा मोडला आणि विचारलं, “काय नको, ते सांग.” मला एकही गोष्ट सांगता येईना. “मग घरीं जा, कण्णा,” ती लाडानं म्हणाली. “नकोची यादी करून ये. ती होईतोवर इथे तुला कोणी हात लावणार नाही.”

त्या यादीतल्या गोष्टींना ‘लिमिट’ म्हणतात, हे मला तिनंच शिकवलं. हुकूम देणारा डॉम, पाळणारा सब, आणि दोघांनी ठरवलेल्या वेळेपुरता चालतो तो सीन. पण सीनच्या आधी समोरासमोर बसून सगळं बोलून घ्यायचं आणि एक सेफवर्ड ठरवायचा; तो उच्चारला की सगळं तिथल्या तिथे बंद. आमच्या गटात सिग्नलचे रंग चालायचे. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा जपून, लाल म्हणजे थांब. मला वाटायचं, यात सब म्हणजे बिचारा जीव! अक्का खो खो हसायची. “अय्यो, ब्रेक कोणाच्या पायाखालीं आहे ते बघ कीं!” तिच्या कारखान्यात प्रत्येक मशीनला लाल बटण होतं. काल कामाला लागलेल्या बाईनंही ते बेधडक दाबावं, दाबणाऱ्याला आधी ‘थँक यू’ म्हणावं आणि का दाबलं ते सगळं निवल्यावर, तिची तयारी असेल तर विचारावं, असा तिचा नियम. तोच तिनं जसाच्या तसा उचलून गटात आणला होता.

त्या नियमाची किंमत मला कळली ती माझ्याच अंगावर आल्यावर. गटातल्या एका जुन्या, मानाच्या डॉमशी मी सीन ठरवला होता. हात बांधलेले असताना खांद्यात कळ आली आणि मी ‘लाल’ म्हटलं. त्यानं लगेच दोरी सोडली, हे कबूल. पण “इतक्यात? का?” असं विचारून तो तोंड फिरवून बसला. सीननंतर पांघरूण द्यायचं, पाणी द्यायचं, काही गोड द्यायचं आणि माणूस सावरेपर्यंत शेजारी बसायचं, याला आफ्टरकेअर म्हणतात. ते राहिलं बाजूलाच, उलट मीच त्याची माफी मागून घरी आले! पुढच्या शनिवारी बहुतेकांचं मत पडलं की तो थांबला ना, मग आणखी काय हवं? अक्का उठली. “थांबला, पण उपकार केल्यासारखा,” ती म्हणाली. “ही उद्या लाल बोलायला भिईल. भिऊन गप्प बसलेलीं माणसं मी कारखान्यांत पाहिलींत. त्यांचीं बोटं परत येत नाहींत.” त्याला तिनं गटातून काढलं. त्याच्यामागोमाग चौघे गेले, तरी ती ढिम्म हलली नाही. वर्षभरानं तो परत आला आणि सगळ्यांदेखत मला म्हणाला, “चूक माझीच होती.” त्या दिवशी अक्कानं सगळ्यांना केसरी, म्हणजे केशरी शिरा, खाऊ घातला.

मग तिला कॅन्सर झाला. रामू मला तिची कारखान्याकडची ओळखीची समजायचा, आणि मीही ते तसंच राहू दिलं. दोन वर्षं उपचार चालले. तिसऱ्यांदा आजार उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, अजून एक औषध आहे, करून बघू. अक्का म्हणाली, “पोदुम.” म्हणजे पुरे. रामू ढसाढसा रडायला लागला. “कां अक्का? एकदाच अजून! माझ्यासाठीं!” आणि खरं सांगते, माझ्याही ओठावर तेच होतं. ज्या बाईनं माझ्या ‘लाल’साठी अर्धा गट घालवला, तिलाच मी ‘का’ विचारणार होते... तिनं माझ्याकडे पाहिलं. घाबरली होती ती, तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी म्हटलं, “थँक यू, अक्का.” तिचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! “पाहिलंस, रामू?” ती म्हणाली. “असं बोलायचं.” तो डोळे पुसत खिडकीशी गेला. मग येऊन तिचा हात धरून म्हणाला, “सरी, अक्का. बरं. घरीं जाऊं.”

पुढचे पाच आठवडे त्यानं तिची जी सेवा केली, तिला तोड नाही. चादर, चमच्यानं पाणी, ओठांना लावलेलं पायसम, आणि तासन्‌तास नुसतं शेजारी बसणं. त्याला यातलं काहीच कोणी शिकवलं नव्हतं.

गेल्या रविवारी त्यानं मला तिची खोली आवरायला बोलावलं. मी पोचले तेव्हा कपाट उघडंच होतं. मधल्या खणात तागाच्या दोऱ्या, धुतलेल्या, तेल लावलेल्या, एका मापात गुंडाळलेल्या, आणि जवळच, वेळ आली तर दोरी झटकन कापायची बोथट टोकाची कात्री. रामू समोरच बसला होता. बँकेतून निवृत्त झालेला, रोज संध्याकाळी देवळात जाणारा माणूस हा. त्यानं एक दोरी हातात घेतली, ती सुटून त्याच्या मांडीवर पसरली. “स्नेहल, हें अस्कं, सगळं... कां अक्कानं मला कधीं...” आणि तो थांबला. चष्मा काढून पुसला. “नको. सांगूं नको,” तो म्हणाला. “तिला सांगायचं नव्हतं. परत गुंडाळायची कशी, तेवढं दाखव.” मी दाखवलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दोरी बरोबर अक्काच्या वळणानं बसली. दोन्ही हातांनी उचलून त्यानं ती खणात तिच्या जागी ठेवली.