घोडी उठली का?

माझं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं. हे कुणाला दाखवायचं नाही, पण कुणी वाचलंच तर माफ करावं. मला एवढंच लिहायचं आहे की आमच्या शेठजींइतका पुस्तकांवर जीव टाकणारा आणि एकही पुस्तक न वाचणारा माणूस साऱ्या नागपुरात झाला नाही.

कळमेश्वरला त्यांच्या कापसाच्या दोन जिनिंग होत्या, पण अंगात बनियन फाटकं. मखमल होती ती पुस्तकांना. मे महिन्यात साऱ्या इतवारीत कूलर घरघरत, शेठजींचा बंद. ओलाव्याने पुस्तकं खराब होतात म्हणून. स्वतः डोक्याला ओला पंचा गुंडाळून पुस्तकांपासून पाच हात दूर बसत. पुस्तक नाकाशी नेऊन "हे शंभर वर्षांच्या वरचं आहे" असं सांगत, जसा कुणी आंबा ओळखतो. मला धूळ पुसायला ठेवलं तेव्हा विचारलं, "किती शिकली वं?" मी खाली मान घालून म्हटलं, "चौथी." ते खूश झाले. "जमते. जास्त शिकलेली बाई वाचतच बसते."

माझी चूक पहिल्याच वर्षी झाली. घोड्यांच्या रोगांवरच्या एका जुन्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच होती. मला वाटलं छापखान्याची चूक. मी भाजीच्या चाकूने नीट कापत बसले. अर्धं पुस्तक झालं आणि शेठजी आले. ते खालीच बसले. "काहून कापलं वं? न कापलेल्या पानाचीच तं किंमत असते! माह्या घोड्याचा गळा कापला तू!" तीनशे रुपयांचं नुकसान झालं म्हणाले. मीच म्हटलं, महिन्याला पाच रुपये पगारातून कापा. त्यांनी नाही म्हटलं नाही.

पुढे जिनिंग बुडाल्या. शेठजींना मूलबाळ नव्हतं, शेठाणीबाई आधीच गेलेल्या. देणेकरी एकेक पुस्तक उचलून नेत. शेठजी दारापर्यंत जाऊन त्यावर हात फिरवत. घोड्यांचं तेवढं कुणी नेलं नाही, कारण ते कापलेलं होतं. मग शेठजींचे डोळे गेले. माझा पगार थांबला, तरी मी घरी विड्या वळून पाच रुपये आणून देत राहिले. एका दुपारी ते म्हणाले, "तूच वाच वं आता." मी बोट ठेवून, अडखळत वाचू लागले. पोटशुळाचं आलं की पोट धरून म्हणत, "अरे, हे तं माह्यंच दुखणं लिहून राहिला हा!" शेवटी एका सरदाराच्या घोडीची हकिगत होती. तिने दाणा सोडला, ती खाली बसली, उठेना. तिथेच कापलेली पानं संपली.

"पुढचं कापू?"

"नाही. तुह्ये पैसे फिटतपर्यंत पुस्तक माह्यं आहे. अर्धी तरी किंमत राहू दे."

वर्षभर ते रोज विचारत, "उठली असंल का वं घोडी?" मग त्यांनीही अन्न सोडलं आणि खाट धरली. मी शेजारणीकडून उसने घेऊन राहिलेले तिन्ही हप्ते एकदम आणले. पंधरा रुपये पुढे केले तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. "पैसे राहू दे आता. काप पहिले."

मी कापलं. आत कसरीने पानांची चाळणी केली होती. एक ओळ धड नव्हती.

"उठली का?"

मी जन्मात मोठ्याने बोलले नाही. त्या दिवशी बोट ठेवून ठणठणीत वाचलं, "घोडी उठली. दोन मुठी हरभरे खाल्ले आणि पाणी प्याली."

"मले माहीत होतं," शेठजी म्हणाले. थोडा वरण-भात मागितला. चार घास खाल्ले. ते शेवटचेच. मग हात पुढे केला, पाचाच्या तिन्ही नोटा एकेक करून चाचपल्या, नाकाशी नेल्या आणि उशीखाली ठेवल्या. "फिटले वं," म्हणाले, "पुरे तीनशे."