कितीसर

आमच्या सरांसमोर हवा चांगली आहे असं म्हणायची सोय नव्हती, आणि वाईट आहे असंही. एकदा वर्गाची सहल विष्णुपुरीच्या धरणावर गेली होती. संध्याकाळ झाली होती, पाण्यावरून गार वारा येत होता. आमच्यातला एक जण हात पसरून म्हणाला, "काय मस्त हवा आहे ना, सर!" सर शेंगा खात होते. टरफलं खिशात टाकत त्यांनी विचारलं, "किती?" त्याला काही कळेना. "किती मस्त? आकडा सांग. आकडा नसेल तर तोंड मिटून हवा खा." सगळे हसले. तो बिचारा नांदेडला परत येईपर्यंत बोलला नाही. अख्खं कॉलेज त्यांना कितीसर म्हणायचं. त्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या मते आवडतही होतं.

मुलांना ते नावानं हाक मारत नसत, तालुक्यानं मारत. "ए कंधार, फळा पूस." "देगलूर, झोपलास का?" मी हदगाव. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं आणि पर्यावरणशास्त्र का घेतलंस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. आमच्या गावाशेजारी जिनिंग आहे, हंगामात कापसाचं तूस घरात येतं, आईला रात्रंदिवस खोकला असतो. सर म्हणाले, "तुझ्या आईचा खोकला कायद्यात कुठं आहे, दाखव." हवेचा कायदा असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी एक पुस्तिका माझ्या बाकावर आपटली. एक्क्याऐंशीचा कायदा आणि त्याखाली ठरवलेली मानकं. "वाच. सापडला तर सांग."

शब्दकोश शेजारी ठेवून मी ती वाचून काढली. धूळ सापडली, गंधक सापडलं, शिसं, अमोनिया सापडला. आईचा खोकला कुठंच नव्हता. तसं मी भर वर्गात सांगितलं. "बरोबर," सर म्हणाले. "नाहीच तो. कायदा खोकला मोजत नाही, धूळ मोजतो. एवढं ज्याला कळलं तो पास. बस." त्यांच्याकडून मिळालेलं ते पहिलं कौतुक. ते कौतुक होतं हे कळायला मला वर्ष लागलं.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. इंग्रजी वाक्य माझ्या डोळ्यांसमोर नुसतं तरंगायचं. तास संपल्यावर सर मला थांबवून घेत आणि एकेक कलम मराठीत फोडून सांगत. सांगताना शिव्या देत, पण सांगत. मग म्हणत, "आता हेच तुझ्या बापाला कळेल असं सांग." मी खरंच बापूंना फोन लावायची. हवेत बारीक धूळ असते, ती यंत्रानं ओढून कागदावर धरायची, चोवीस तासांची सरासरी काढायची. बापू शांतपणे ऐकत आणि म्हणत, "म्हंजे तू हवा मोजून राहिली. किलोवर का लिटरवर?" हे सरांना सांगितलं तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बापाला सांग, मायक्रोग्रॅमवर. आणि शंभराच्या वर गेली की गुन्हा."

तो शंभराचा आकडा त्यांचा देव होता. एक घनमीटर हवा, चोवीस तास, त्यात तेवढी बारीक धूळ चालते, त्याहून जास्त चालत नाही. "या देशात रस्ता सगळ्यांना सारखा नाही, पाणी सारखं नाही, मास्तर सारखा नाही," ते म्हणत. "दिल्लीला शंभर आणि हदगावलाही शंभर. एवढी एकच गोष्ट सारखी आहे. तिला हात लावायचा नाही." आमच्या एका सोबत्यानं घरी बसून कॉलेजच्या गच्चीवरच्या यंत्राचे खोटे आकडे भरले होते. सरांनी त्याला ऐन एप्रिलात यंत्राशेजारी गच्चीवर दिवसभर उभं केलं, आणि खाली आल्यावर विचारलं, "आता तुझ्या फुप्फुसात किती आलं ते लिही." त्या मुलानं पुढच्या महिन्यात कॉलेज सोडलं. सरांनी त्याची एकदाही चौकशी केली नाही.

शिक्षण संपल्यावर मी त्यांच्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले, आणि त्याच साली अक्कांचं प्रकरण आलं. अक्का म्हणजे सरांची सख्खी मोठी बहीण. आई लहानपणीच गेल्यामुळे सरांना त्यांनीच वाढवलं होतं. लातूरला एका डाळमिलच्या भिंतीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं. तुरीची टरफलं निघताना जी भुकटी उडते ती दिवसभर त्यांच्या ओसरीवर पडायची. त्यांना दम लागायचा. त्यांनी सरकारी कार्यालयात तक्रार केली. कार्यालयानं सांगितलं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून हवा मोजली जाईल. सर कुणाची भीड धरत नाहीत हे मिलमालक ऐकून होता. तो हसून म्हणाला, "मग सरांनाच बोलवा की. सरांनी मोजलं तर आपल्याला कबूल." तसं त्यानं लिहून दिलं. अक्कांनीही आनंदानं अंगठा दिला. भाऊच येणार म्हटल्यावर त्यांना काय पाहिजे होतं?

आम्ही जीपमधून यंत्र घेऊन पोचलो तेव्हा अक्कांनी धपाटे करून ठेवले होते. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं, "माझा भाऊ येऊन राहिला. आता बघा मिलवाल्याची कशी जिरवतो." ओसरीत त्यांची बाज होती. बाजेशेजारी त्यांनी यंत्रासाठी स्टूल मांडून ठेवलं होतं, पुसून. पाण्याच्या घागरीवरच्या झाकणावर त्यांनी बोट ओढलं आणि सरांपुढं धरलं. "हे बघ. सकाळीच पुसलं होतं."

सरांनी बोटाकडं बघितलंच नाही. "अक्का, यंत्र खाली ठेवता येत नाही. जमिनीपासून तीन मीटर तरी वर लागतं. खाली रस्त्याची माती उडते, चुलीचा धूर येतो. ते मिलच्या नावावर घालता येत नाही."

"वर म्हंजे कुठं?"

"गच्चीवर."

"आरं, मी काय गच्चीवर राहती का?"

"नियम सगळ्या देशाला एक असतो, अक्का. तुझ्या बाजेपुरता नसतो."

अक्कांच्या घराला गच्ची नव्हती. शेजारी एका शिंप्याचं स्लॅबचं घर होतं. गल्ली त्यांना टेलरमामू म्हणायची. मामूंनी शिडी धरली, पण यंत्र वर चढताना बघून त्यांना राहवलं नाही. "सरसाब, धूल तो नीचे बैठती ना. उप्पर क्या नापते?" अक्काच म्हणाल्या, "जाऊ द्या हो मामू, त्याला कळतं. लई शिकलाय त्यो." आणि भावाला वर चढण्याआधी त्यांनी तांब्याभर पाणी दिलं.

मी हे लिहिताना सरांवर अन्याय करणार नाही. यंत्र सुरू झाल्याबरोबर ते स्वतः मिलमध्ये गेले. मालकानं निम्मी यंत्रं बंद ठेवली होती. सर त्याला म्हणाले, "रोज जेवढी चालतात तेवढी सगळी चालव. आजच उपास नको." ती चालू झाल्याशिवाय ते तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कागद खाली काढला तेव्हा वर जाताना पांढराशुभ्र असलेला तो तुरीच्या टरफलासारखा तांबूस झाला होता. मळलेला कागद बघून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. अक्कांनी तो लांबूनच बघितला आणि गल्लीकडं तोंड करून म्हणाल्या, "बघा गं बायांनो! मी खोटं बोलत होते का?"

नांदेडला येऊन मी तो कागद काट्यावर ठेवला. हिशेब केला, पुन्हा केला. उत्तर शंभराच्या आत होतं. अगदी थोडं, पण आत. रात्रीची मिल बंद असते, तेव्हाची स्वच्छ हवा दिवसाच्या धुळीत मिसळून सरासरी खाली आली होती. मी म्हणाले, "सर, अगदी काठावर आहे."

"काठ म्हणजे आत."

"सर, एकदा अक्कांच्या ओसरीत ठेवून बघू या का? नुसतं बघायला."

त्यांनी चष्मा काढला. "हदगाव, आज माझ्या बहिणीसाठी तू ते खाली आणशील. उद्या मालकासाठी पाण्याच्या टाकीवर चढवशील. चल, टाईप कर."

प्रत टपालानं पाठवता आली असती. पण सर स्वतः लातूरला गेले, मलाही नेलं. ओसरीत उभं राहून त्यांनी अक्कांना सगळा अहवाल मराठीत वाचून दाखवला, अगदी मला कलमं फोडून सांगायचे तसा. बाजेवर बसून अक्का ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजे मी खोटं खोकती?"

"तुझा खोकला खरा आहे, अक्का. तुझी तक्रार टिकत नाही."

अक्का हसायला लागल्या. हसता हसता खोकला लागला, आणि तो थांबेना. मी पाठ चोळत होते. त्या बाजेच्या कडेला धरून वाकल्या होत्या, आणि श्वास मिळेल तसं भावाकडं बघून म्हणत होत्या, "हे… हे मोज… मोज की रे…" सरांनी अहवालाची घडी केली, त्यांच्या उशाखाली ठेवली आणि जीपमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर मिलमालकानं त्या अहवालाची प्रत काचेत घालून पैशाच्या गल्ल्यामागं लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "सख्ख्या भावानं लिहून दिलंय, हवा फर्स्टक्लास." सरांच्या घरी त्यानं डाळीचं पोतं पाठवलं. सरांनी ते त्याच रिक्षात टाकून परत केलं. पण त्यामुळे अक्कांचं काही भलं झालं नाही. गल्लीतल्या बाया त्यांना चिडवायच्या, "अक्का, भाऊच म्हणतोय ना हवा चांगली हाय? मग कशाला खोकून राहिल्या?" मालकानं त्याच भिंतीला लागून टरफलं काढायचं आणखी एक यंत्र बसवलं. पुन्हा तक्रार करा असं मी अक्कांना सुचवलं. त्या म्हणाल्या, "मोजायला कोण येईल? त्योच ना?" थंडीच्या तोंडाला त्यांची मुलगी सुमन त्यांना कंधारला घेऊन गेली.

उन्हाळ्यात कंधारहून फोन आला. मी सरांबरोबर गेले. अक्कांना बाहेर आणून ठेवलं होतं. टेलरमामू लातूरहून आमच्याआधी पोचले होते. सर पुढं झाले, तशी सुमन उठून आडवी आली. ती रडत नव्हती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मामा, तुम्ही इथं खाली नका थांबू. वर गच्चीवर जाऊन बसा. वरची हवा चांगली असते."

कुणी तिला अडवलं नाही. सर जिना चढले. भर दुपारी त्या तापलेल्या स्लॅबवर ते डोक्याला काही न बांधता बसले. मामूंनी छत्री वर नेली, ती त्यांनी घेतली नाही. बहिणीला उचललं तेव्हा त्यांनी वरूनच हात जोडले. संध्याकाळी खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता. परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता तरी हा माणूस रडेल. लोहा गाव मागं पडल्यावर ते म्हणाले, "सुमन बोलली ते बरोबर बोलली. आणि मोजलं तेही बरोबर मोजलं."

सर निवृत्त झाले आणि मी लातूरच्या एका प्रयोगशाळेत आले. माझं पोट आज त्यांनी शिकवलेल्या विद्येवर चालतं, आणि माझ्या आईच्या औषधांचा खर्चही. हे मी कधी विसरले नाही. फक्त त्यांचा कठोरपणा मला नको होता. म्हणून मी माझी एक रीत पाडली. तक्रार करणारी बाई चहा ठेवायच्या आधीच मी तिला समोर बसवून सांगायची, "मावशी, यंत्र वर ठेवावं लागतं. चोवीस तासांची सरासरी निघते. हवा नियमात आहे असंही उत्तर येऊ शकतं, आणि मग तेच कागदावर राहील. नीट विचार करा." बऱ्याच बाया घाबरून तक्रार मागं घ्यायच्या. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, पोरगी मायाळू आहे म्हणायच्या.

सर शेवटचे आजारी असताना मी भेटायला गेले तेव्हा त्यांना हे सांगितलं. खरं तर अभिमानानं सांगितलं. त्यांच्यापेक्षा मी बरी वागते, हे त्यांना कळावं असं मला वाटत होतं. ते उशीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "हदगाव, मी मोजून एका बाईला हरवलं. तू न मोजताच सगळ्यांना हरवून राहिलीस. मिलवाले तुला साडीचोळी करत असतील."

मग धापा टाकत त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. महिनाभरात ते गेले. सुमन आली नाही.

आता मी कुणाला काही समजावून सांगत नाही. कुणी मायाळू म्हणत नाही. समोर आलेला चहा पिते, उठते आणि शिडी मागते.