सॅक्सोफोनच्या साथीला

"थांबा, आधी साथीदारांची ओळख," असं म्हणून काका टेप बंद करायचे. सॅक्सोफोनने नुकता कुठे सूर धरलेला असायचा आणि आपण चहाचा पहिला घोट घेतलेला. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असे एखादे गृहस्थ असतील, ज्यांच्याकडे 'जरा डोकावून येतो' म्हणून जाता येत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही नवी मुंबईत सीवूड्सला राहायला आलो तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामेच होते. आमच्या वरच्या मजल्यावर काका एकटे, रबाळ्याच्या एका कंपनीतून रिटायर झालेले. फ्लॅट घेतला तो काकूंच्या हौसेने, आणि ताबा मिळायच्या आधीच त्या गेल्या. रविवारी सकाळी काका दार सताड उघडं ठेवून टेप लावायचे. जिन्यातून जाणाऱ्या कोणीतरी आत यावं, एवढीच इच्छा. लोक दारातूनच विचारायचे, "काका, कुठल्या पिक्चरमधलं हे?"

"पिक्चर नाय हो. अमेरिकेतलं सोल म्युझिक आहे. या ना आत."

"नंतर येतो," म्हणत माणूस खाली पसार. मी मात्र एकदा सापडलो आणि मग दर रविवारचा झालो. सॅक्सोफोनवाला दम घ्यायला थांबला की काकाही श्वास रोखून बसायचे. मला हसू यायचं, पण पुढे पुढे मीही तसाच बसू लागलो.

कॅसेट बोटीवरच्या एका मित्राने भरून दिलेली. तिच्यावर सॅक्सोफोनवाल्याचं नाव होतं, मागे वाजवणाऱ्यांपैकी कोणाचंच नव्हतं. काकांना याचा भयंकर राग. "आपल्या गावच्या भजनातसुद्धा पेटीवर कोण, तबल्यावर कोण ते सांगतात. ह्यांनी काय घोडं मारलंय?" शेवटी त्यांनीच नावं देऊन टाकली. ड्रमवर त्यांचा धाकटा भाऊ, कारण तोही तसाच घाईचा. ऑर्गनवर कंपनीतले फोरमन. आणि बास गिटारवर "आमची ही".

"पण बास कुठे ऐकू येते, काका?"

"येत नाय. बंद पडली की कळतं."

एवढं बोलून ते कॅसेट उलटी करायला उठले.

मग मुलाने त्यांना नागपूरला नेलं. वरच्या मजल्यावरचं दार बंद झालं आणि रविवारची सकाळ मला खायला उठू लागली. त्यांचा शेवटचा फोन अशाच एका सकाळी आला.

"पोरानं वॉकमन दिलाय. घरात कोणाला त्रास नको म्हणून. आवाज एकदम क्लीन, पण ऐक म्हणायला बाजूला कोणी नाय हो." मग म्हणाले, "हेडफोन फोनला लावतो. आता आमची ही येईल, ऐका."

मला नुसती खरखर ऐकू येत होती.

"येतंय ना ऐकू?" लांबून त्यांचा आवाज आला.

"येतंय, काका," मी म्हटलं, आणि ते "झालं" म्हणेपर्यंत ती खरखर कानाला लावून उभा राहिलो.