चौथ्या गटाची रेषा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे वहिनीच म्हणत. नात्याने त्या एकट्या ढापण्याच्या वहिनी. पण तो इथे संशोधनाला आला आणि भर बैठकीत, मार्गदर्शक सरांच्या देखत, "वहिनी, तो आलेख दाखव ना" असं बोलून बसला. झालं! त्या दिवसापासून सरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. ढापण्या हे नावही त्यांनीच ठेवलेलं. लग्न होऊन त्या घरी आल्या तेव्हा हा धाकटा दीर नाकावरून घसरणारा चष्मा सावरत दाराआड उभा होता. सासूबाई आधीच गेलेल्या. मग त्याचं खाणंपिणं, तापखोकला, अभ्यास, सगळं वहिनींकडे आलं. लाड केले आणि धपाटेही घातले. बेरीज चुकली की म्हणायच्या, "मला उत्तर नको, ते आलं कसं ते दाखव."

वहिनींचं काम आलेख काढण्याचं. आकडे कुणाचेही असोत, आलेख वहिनींचा. आणि त्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. कुणी बारीक आकड्यांचा आलेख आणला की, "हे कोण वाचणार, मुंग्या?" म्हणून कागद परत. "पुन्हा बघ" हे तर त्यांच्या तोंडी दिवसातून इतक्यांदा येई की नवी मुलं त्यांची नक्कल करायची.

ढापण्याचं संशोधन एका प्रथिनावर होतं. पेशीच्या पडद्यात ते नळीसारखं उभं असतं आणि क्षार त्यातून ये-जा करतात. ही नळी मध्ये गळ्याशी आवळलेली. ती उघडते कशी, एवढाच प्रश्न; पण त्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. संगणकात त्या प्रथिनाचे अणू हलते ठेवायचे, हजारो क्षणांची चित्रं घ्यायची, सारखी दिसणारी चित्रं एका गटात टाकायची. मग प्रत्येक चित्रात नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काल्पनिक चेंडू सरकवायचा आणि जागोजागी भिंतींना टेकेपर्यंत फुगवायचा. जेवढा फुगला तेवढी तिथली त्रिज्या. प्रत्येक गटाच्या सरासरीची एक रेषा, प्रत्येक रेषेला एक रंग. पहिल्या तीन गटांच्या रेषा गळ्याशी येऊन खाली बसल्या. चौथी, नारिंगी, ती मात्र तिथेच वर चढली. नळी उघडली होती! त्या दिवशी ढापण्याने वहिनींना खुर्चीसकट गरागरा फिरवलं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या नारिंगी रेषेवर उभं राहिलं.

आज दुपारी त्याची तोंडी परीक्षा होती. पदवी पदरात पडली की नोकरीवर रुजू व्हायचं ठरलेलं. नाही पडली तर ती जागा दुसऱ्याला जाणार, असं त्या लोकांनी स्पष्ट कळवलं होतं.

सकाळी परीक्षक बाईंचा निरोप आला: जमलं तर चौथ्या गटाची नुसती सरासरी नको, सगळ्या चित्रांच्या रेषा वेगवेगळ्या दाखवा. वहिनींना त्यात काय अवघड? बसल्या आणि काढला आलेख. संगणकाच्या पडद्यावर तो उमटला मात्र, त्या खुर्ची पुढे ओढून बघू लागल्या.

गळ्याशी वर चढलेल्या सगळ्या रेषा एकाच उंचीवर सपाट झाल्या होत्या, कुंपणाची मेंदी छाटावी तशा. ती उंची वहिनींच्या ओळखीची होती. चेंडूने जास्तीत जास्त किती फुगायचं, ही मर्यादा त्यांनीच घालून दिली होती. म्हणजे चेंडूला भिंत लागलीच नव्हती. त्यांनी एक चित्र उघडलं आणि फिरवून पाहिलं. गळ्याशेजारच्या फटीतून चेंडू बाहेर सटकला होता आणि नळीच्या बाहेर आरामात फुगून बसला होता. बाहेर पेशीच्या पडद्याची चरबी असते. पण हिशेब हलका व्हावा म्हणून ती चित्रांतून आधीच काढून टाकलेली. मैदानच मिळालं त्याला! आणि गळा? गळा होता तसाच बंद.

पहिल्या तीन गटांतली चित्रं वहिनींनी अशीच फिरवून पाहिली होती. चौथ्यातलं एकही नाही. का, तर हवं तेच आलं होतं! अहो, जिने जगाला "पुन्हा बघ" म्हणून छळलं, तिनेच बघितलं नाही. वहिनींना स्वतःचीच इतकी चीड आली की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

सभागृहाशेजारच्या खोलीत ढापण्या भाषण घोकत होता. वहिनी संगणक घेऊन तिथेच गेल्या.

"इकडे ये जरा."

"आत्ता नको ना वहिनी."

"आत्ताच."

त्याने संगणकात डोकावलं. हुशार मुलगा, समजवावं लागलं नाही. चेहरा पांढराफटक पडला.

"सरांना दाखवलंस?"

"आधी तुला."

"मग कुणालाच दाखवू नकोस. बाईंना सांगतो, जमलं नाही. पदवी झाली की करू दुरुस्त."

"अरे, पण हे खोटं आहे. माझी चूक आहे, मी सांगते सगळ्यांना."

"तुझी चूक, आणि भोगायची मी?" त्याचा आवाज चढला आणि मग एकदम फाटला. "एकदाच, वहिनी. माझ्यासाठी एकदाच गप्प बस."

 वहिनींनी तो आलेख त्याच्या संगणकात टाकला आणि त्या बाहेर पडल्या.

त्या शेवटच्या रांगेत नवऱ्याशेजारी बसल्या. धाकट्या भावासाठी त्याने रजा काढली होती, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. ढापण्या छान बोलला. शेवटी नारिंगी रेषा पडद्यावर आली.

"वेगवेगळ्या रेषा मागितल्या होत्या," बाई म्हणाल्या.

"वेळेत जमलं नाही."

"हरकत नाही. काम मोठं आहे, अभिनंदन." सरांची कळी खुलली. त्यांनीच मग विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

एकही हात वर गेला नाही. वहिनी मात्र खुर्चीच्या कडेला सरकल्या. हात वर केला तर पोरगा उभ्या जन्मात तोंड बघणार नाही. नाही केला तर उद्या कुणीतरी याच रेषेवर भरवसा ठेवून वर्षं घालवणार, आणि हाही ती रेषा जन्मभर उरावर घेऊन फिरणार. त्यांचा हात मांडीवरून उठला.

"अगं, काय करतेस?" नवऱ्याने कोपर धरलं. "तुला काय विचारायचंय त्याला?"

हात खांद्यापर्यंत आला होता. ढापण्याने तो पाहिला. नाकावर घसरलेला चष्मा त्याने बोटाने वर ढकलला.

"वहिनी, हात खाली घे," तो म्हणाला. "मी दाखवतो, कसं आलं ते."

आणि त्याने सकाळचा आलेख उघडला. नळी उघडलेली नाही, चेंडू बाहेर गेलाय, आणि हे मला सकाळीच कळलं होतं, एवढं सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. सरांनी डोकं धरलं. बाईंनी त्या सपाट रेषांकडे बोट केलं.

"चित्रं कुणी तपासायची होती?"

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. "ते मी..."

"मी," ढापण्या त्यांच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "प्रबंधावर नाव माझं आहे. बघायला मी हवं होतं."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि भर सभेत, पदराची शुद्ध न ठेवता, रडल्या. नवऱ्याला काही उमगेना. तो आपला त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

शेवटचं प्रकरण पुन्हा लिहायचं, तोवर पदवी नाही, असा निकाल लागला. ढापण्या बाहेर आला आणि पायरीवर वहिनींशेजारी बसला.

"नोकरी गेली, वहिनी."

"हो रे."

"उद्यापासून चौथा गट. एकेक चित्र फिरवून."

"मी फिरवते. तू जरा झोप काढ."

"छे," तो म्हणाला. "तू बघ, मग मी पुन्हा बघतो."