सुशी नैरोबीला गेलीच नव्हती

मी तिसरीपर्यंत शिकलो, पण घड्याळ मला वाचता येतं. हे आधीच सांगतो, कारण ही हकीकत ऐकली की जो तो मला घड्याळच शिकवायला बसतो. भूतबीत मी मानलं नाही, आजही मानत नाही.

साल छप्पन असेल. राहायला अंधेरीला मरोळ गावात, काम सांताक्रूझ विमानतळावर… विमानात सामान चढवायचं. कुठलं विमान कुठे किती तासांत पोचतं, सगळं पाठ. नैरोबी म्हणजे एडनला थांबून तीन हजार मैल, बारा-तेरा तास. त्याच्या आत कोणाचा बाप पोचत नाही.

माझी धाकटी बहीण सुशी. तिचे यजमान वामनराव नैरोबीला रेल्वे कारखान्यात फिटर. ते हॉस्पिटलात आहेत, ताबडतोब निघा, अशी तार आली. तिचा पासपोर्ट तयार होता. पाटल्या मोडून तिकीट काढलं.

गुरुवारी सकाळी नऊला विमान उडालं, आणि साडेदहाला परत — इंजिनात बिघाड. संध्याकाळी जाईल म्हणाले. मी तिच्याशेजारी बाकावर बसून राहिलो, क्षणभरही हललो नाही. तिचा डोळा लागला. समोरच्या घड्याळात पाऊण वाजला होता. झोपेतच ती मोठ्याने म्हणाली, "वामन… वामन, मी आले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेते ते उखाण्यात, तेही लाजत. गदागदा हलवून उठवलं.

"चल घरी, दादा," ती म्हणाली. "भेटले मी त्यांना. आता ते राहायचे नाहीत."

मी वाटेल ते बोललो. पाटल्यांवरून बोललो, तिच्या अकलेवरून बोललो. संध्याकाळी विमान गेलंसुद्धा, पण ही बया ट्रंक घेऊन घरी. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

शनिवारी तिच्या दिराची, वसंताची तार आली. वामन गुरुवारी वारले, वहिनी कुठे आहेत कळवा. म्हटलं, ही कुठे असणार? इथेच आहे, असं उलट कळवलं.

मग वसंताचं पत्र आलं. गुरुवारी सकाळी दहाला वहिनी आल्या. वामनदादाला नावाने हाक मारली, म्हणून आम्ही सगळे चकित झालो. आठवडाभर मिटलेले डोळे त्याने उघडले. त्यांच्या हातचं पाणी प्यायला आणि गेला. रडारडीत वहिनी कुठे गेल्या कळलं नाही, दोन दिवस गाव पालथं घातलं.

आता लोक म्हणतात, तिकडचं घड्याळ मागे असतं ना, त्याचा घोळ असेल. अहो, पावणेतीन तास मागे असतं, ठाऊक आहे मला! तिकडचे दहा म्हणजे इकडचा पाऊणच. घड्याळ बरोबर जुळतं हो… मैल जुळत नाहीत, त्याचं बोला.

पत्र मी सुशीला अक्षर लावून लावून वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "पाणी प्यायले ना ते? तू हलवलंस, मला शेवटचं दिसलं नाही."

प्यायले, म्हटलं. कोणाच्या हातचं, ते मला आजतागायत सांगता येत नाही.