शेजारणीची ठेव

दरोडा हा शब्द लग्नाआधी मी फक्त पेपरात वाचला होता. पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीवर मात्र तो सगळ्यांच्या तोंडी असतो. कुणाची शेळी गेली तरी दरोडा, आणि दुकानदाराने तेलाचा भाव वाढवला तरी ‘दरोडाच घातला की मेल्यानं’. त्यामुळे तो खरंच दारात आला तेव्हा मला ओळखूच आला नाही.

भर दुपार होती. घरातले पुरुष बाजारला गेलेले. मी ओसरीवर डाळ निवडत होते, सासूबाई आत जरा लवंडल्या होत्या. मोटारसायकलवर दोघे आले आणि पाणी मागितलं. मी आत वळले तर त्यातला एक माझ्या मागोमाग घरात. हातात सत्तूर. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेल तर शपथ.

“अंगावरचं काढ म्हातारे,” तो सासूबाईंना म्हणाला.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायला हवी. आमची शेजारीण दर हंगामाला नवऱ्याबरोबर कोपरगावकडे ऊस तोडायला जाते. तिकडे पाचटाच्या कोपीत राहायचं, सोनं कुठे सांभाळणार? म्हणून लेकीच्या लग्नासाठी केलेले झुबे आणि डोरलं डब्यात घालून ती सासूबाईंकडे ठेवायची. कागद नाही, साक्षीदार नाही. सासूबाई तो डबा कणगीत, ज्वारीच्या तळाशी पुरून ठेवत. पोटच्या लेकालाही पत्ता लागू देत नसत.

सासूबाईंना मंगळसूत्राची गाठ सुटेना. तो माणूस सत्तूर हलवत घाई करत होता. तेवढ्यात सासूबाईंनी हात जोडले. “माझं समदं न्या बाबा, पर त्या कनगीतल्याला हात लावू नका. ते दुसऱ्याचं हाय. पोरीच्या लग्नाचं हाय.”

कणगीकडे त्याने तोवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण परक्याची ठेव म्हटल्यावर चोरसुद्धा मागे सरेल, असं त्या माउलीला वाटलं. बाहेरच्याने शीळ घातली, रस्त्यावर कुणाची तरी जीप येत होती. याने कणगी लाथेनं पाडली, ज्वारीत हात घालून डबा ओढला आणि पळाला. आमच्या दोघींच्या गळ्यातलं गळ्यातच राहिलं.

मी ज्वारीतच बसले. त्यातच मनात आलं, आमचं राहिलं आणि तिचं तेवढं गेलं, हे कोण खरं मानणार? त्याची जी भीती वाटली, तशी सत्तूर बघूनही वाटली नव्हती.

पोलीस ठाण्यात सासूबाई म्हणाल्या, “दरोडा पडला.”

“आजी, दरोड्याला पाच जण लागतात,” हवालदार म्हणाला. माणूस वाईट नव्हता, समजावून सांगत होता. “नुसतं उचलून नेलं तर चोरी. भीती घालून नेलं तर जबरी चोरी. तुम्ही घाबरल्या होत्या ना?”

“न्हाई, आम्ही त्यांना चहा पाजत होतो,” मी म्हणाले. माझं डोकंच फिरलं होतं.

तो हसला. मग आमच्या गळ्याकडे बघून म्हणाला, “तुमचं कसं राहिलं मग?” त्याने सहजच विचारलं असेल. सासूबाईंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

शेजारणीला फोन करायला त्यांनी मनाई केली. “हातात कोयता असतोय तिच्या. ध्यान उडालं तर बोट जाईल,” म्हणाल्या. ते खरंच होतं, पण त्यांना बोलायचं भ्यावही वाटत होतं. आधी मोटारसायकल वाजली की आम्ही दार लावायचो. उन्हाळा लागला, ऊसतोडीचे ट्रॅक्टर परतू लागले, तशा आम्ही ट्रॅक्टरच्या आवाजानेही दचकायला लागलो.

ती आली, त्याच दिवशी सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं आणि आपलं मंगळसूत्र काढून तिच्या ओटीत टाकलं. मग तिने ते उचललं आणि स्वतःच्या हाताने परत सासूबाईंच्या गळ्यात बांधलं. “सवाशिनीनं असं काढू नये, मावशी. तुमचा जीव वाचला, लई झालं.” मला हुंदका आवरेना. वाटलं, सुटलो बाई एकदाच्या.

दिवाळी झाली. ती पुन्हा निघाली. सासूबाईंच्या पाया पडली, माझ्या हातचा लाडू खाल्ला, लेकीला आलेल्या स्थळाचं बोलली. दर साली जाताना ती घराची किल्ली सासूबाईंच्या हातावर ठेवते. आम्ही तिचं अंगण झाडतो, तुळशीला पाणी घालतो. यंदा बोलता बोलताच ती ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टर वळणाआड गेला तरी सासूबाई फाटकात उभ्याच होत्या.

मग आत येऊन भिंतीला टेकून बसल्या.

“किल्ली न्हाई दिली गं तिनं,” त्या म्हणाल्या.