रिझर्वला ठेवलेली गाडी

मुरूम गावात असताना शेजारच्यांची जुनी मोटारसायकल मी घरचीच असल्यासारखी वापरायचो. शाळामास्तर म्हणून मान होता. चावी मागावीही लागत नसे. गाडीचा काटा बंद होता. पेट्रोल संपत आलं की ती गचके खायची, मग टाकीखालचा कॉक रिझर्वला फिरवायचा. तेवढ्यावर उमरग्याचा पंप हमखास गाठता यायचा. शेजाऱ्यांचा सगळा भरवसा त्या कॉकवर.

एका रविवारी तुळजापूरहून परतताना नळदुर्गच्या पुढं गचके बसले. मी कॉक फिरवला. वाटेत दोन पंप लागले, दोन्हींवर रांग. ऊन लागत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या गाडीत पेट्रोल घालायचं जिवावर आलं होतं. गाडी त्यांच्या अंगणात लावली, चावी खिळ्याला अडकवली आणि घरी येऊन आडवा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उमरग्याला त्यांच्या मुलीची भरतीची परीक्षा होती. वयात बसणारी ही तिची शेवटची परीक्षा. मला सगळं ठाऊक होतं. पेढे कधी देतेस म्हणून मीच तिला चिडवत होतो.

निम्म्या वाटेत गाडी बंद पडली. शेजाऱ्यांनी कॉकला हात घातला, तर तो आधीच रिझर्वला. त्यांनी गाडी आडवी पाडून पाहिली, टाकीत फुंकून पाहिलं. बऱ्याच वेळानं एक टेम्पो थांबला. ते पोचले तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो. बायको त्यांना घालून पाडून बोलत होती. ते मान खाली घालून बसले होते.

"म्याच इसरलो बघा, सर. काल सांच्याला दूध घालाया गेलतो, तवाच कॉक फिरवला आसंल. ध्यानातच न्हाय ऱ्हायलं."

"तुमी आणून लावल्याली गाडी, तुमी सांगितल्याबिगर ऱ्हाताल व्हय?" त्यांची बायको माझ्याकडं वळून म्हणाली.

वर्गात खरं बोलण्यावर तास तास बोलणारा मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान! म्हणालो, "होतं असं कधी कधी." स्वतःच्या त्या समजूतदार आवाजाची मला आजही शिसारी येते.

निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. डोळे सुजले होते.

"सर, गाडी तुमीच रिझर्वला लावलती नव्हं?"

मी मान डोलावली.

"माझं गेलं ते गेलं. तेवढं अण्णान्ला सांगा. दुपारपास्नं जेवले न्हाईत ते."

"सांगतो," मी म्हणालो.

पुढं माझी बदली झाली. सामान भरायला शेजारीच आले होते. सामानाचा ट्रक सुटेपर्यंत उभे होते. तेव्हाही मी सांगितलं नाही.